घरगुती बिअर : धान्य आणि फसफस

घरगुती बिअर म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुले), पाणी आणि यीस्ट यांपासून विक्रीसाठी नव्हे, तर स्वतःपुरती बनवलेली बिअर. एक घाणा साधारण २० लिटरचा असतो. ब्रिटनमध्ये १९६३ साली परवान्याची अट उठली, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने करमाफी मिळाली आणि दोन्ही देशांत हा छंद फोफावला. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे.

बिअरची चव धान्यात असते, पण ती जिभेला कशी लागेल हे बरेचसे तिच्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ठरवतो. हौशी मंडळी धान्याची निवड करण्यात तासन्‌तास घालवतात आणि वायू आठवतो तो बाटल्या भरताना. खरे तर दोन्हींचा विचार एकदमच व्हायला हवा.

बार्लीला मोड आणून भट्टीत वाळवली की माल्ट होतो. नाचणीचे सत्त्व करणाऱ्यांना यातला मोडाचा भाग ओळखीचा आहे. मोड येताना तयार झालेली विकरे (एन्झाइम) गरम पाण्यात पिष्टाची साखर करतात. पाणी ६२ ते ६५ अंश सेल्सिअस ठेवले तर यीस्टला पचणारी साखर जास्त मिळते आणि बिअर कोरडी उतरते. ६८-७० अंशांवर न आंबणारा अंश उरतो आणि बिअर अंगाने भरते, म्हणजे तोंडात दाट लागते. फिकट माल्ट हा पाया. क्रिस्टल माल्ट थोडा घातला तरी कॅरॅमलचा गोडवा येतो, जास्त झाला तर बिअर चिकट लागते. ओट्सने गुळगुळीतपणा येतो, मका आणि तांदूळ अंग हलके करतात. गव्हातील प्रथिनांमुळे फेस टिकतो, पण त्याला टरफल नसल्याने गाळताना चोथा तुंबतो.

वायू ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात. एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरमागे जेमतेम दोन ग्रॅम. पारंपरिक इंग्लिश एलमध्ये तो दीड ते दोन, लागरमध्ये अडीचच्या आसपास आणि बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये साडेतीन किंवा त्याहून जास्त असतो. जिभेवरील एक विकर या वायूचे आम्लात रूपांतर करते आणि त्यातून आंबटसर झणका जाणवतो. हिमालयात उंचीवर जाणारे ट्रेकर घेतात ती डायमॉक्सची गोळी हेच विकर रोखते, म्हणून ती घेतलेल्याला बिअर मिळमिळीत लागते.

आयरिश ड्राय स्टाउट या काळ्या, कोरड्या बिअरमध्ये धान्य आणि वायूचा मेळ चांगला दिसतो. तिच्यात साधारण दहावा हिस्सा मोड न आणता काळी भाजलेली बार्ली असते. कॉफीसारखा कडवटपणा आणि आंबटपणा तिच्यातूनच येतो. त्यावर वायूचे आम्ल चढले की बिअर घशाला खरखरते, म्हणून स्टाउटमध्ये वायू कमी ठेवतात. गिनेस या आयरिश कंपनीने १९५९ साली नळाच्या स्टाउटमध्ये नायट्रोजन आणला; तो फारसा विरघळत नाही, बुडबुडे बारीक येतात आणि फेस सायीसारखा दाट होतो. गव्हाच्या बिअरचे नेमके उलट. तिला कडवटपणा जवळजवळ नाही, अंग मात्र जड. भरपूर वायू ते जडपण कापतो आणि यीस्टने दिलेला केळ्या-लवंगेचा वास नाकापर्यंत पोहोचवतो. तीच बिअर वायू उडून गेला की कणकेच्या पाण्यासारखी लागते.

घरी वायू भरण्याची सोपी रीत म्हणजे बाटलीत थोडी साखर घालून बूच लावणे; बिअरमध्ये उरलेले यीस्ट ती आंबवून वायू करते. लिटरमागे चार ग्रॅम साध्या साखरेने सुमारे एक व्हॉल्यूम वाढतो. २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये ०.८५ व्हॉल्यूम आधीच असतो, थंडीत आंबलेलीत त्याहून जास्त, आणि तो हिशेबातून वजा करावा लागतो. या हिशेबाने २० लिटर स्टाउटला सुमारे ७५ ग्रॅम साखर पुरते, गव्हाच्या बिअरला २१० ग्रॅमच्या आसपास लागते. इतका दाब साध्या पातळ बाटल्यांना पेलेलच असे नाही, त्यासाठी जाड काचेच्या बाटल्या घेतात. आंबणे पुरते संपायच्या आत बाटल्या भरल्या तर उरलेली साखरही वायू करते आणि बाटली फुटते.