छोट्या विमानासाठी जीपीएस टॅब्लेट (कोकण किनारा)

एका इंजिनाच्या छोट्या विमानात किंवा मायक्रोलाइटमध्ये, सरकत्या नकाशावर विमानाची जागा, दिशा आणि जमिनीवरचा वेग दाखवण्यासाठी वापरला जाणारा टॅब्लेट. तो विमानाच्या मूळ उपकरणांना जोड म्हणून असतो, त्यांची जागा घेत नाही. व्यावसायिक उड्डाणात कागदी नकाशांऐवजी टॅब्लेट वापरायचा असेल तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते.

कोकणात वाट शोधणे वरवर सोपे वाटते. दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताला सह्याद्री, उजव्या हाताला समुद्र. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेही रेडिओच्या मदतीवाचून. पण तीन हजार फुटांवरून बाणकोट, दाभोळ आणि जयगड या खाड्यांची मुखे एकसारखी दिसतात. मोजताना एक खाडी चुकली की पुढचा सगळा हिशोब चुकतो. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर धुरकट हवा असते, समुद्र आणि आकाश एकाच रंगाचे होतात आणि क्षितिज सापडत नाही. जुहू ते रत्नागिरी हवाई अंतर सुमारे १२८ सागरी मैल आहे, म्हणजे ११० नॉटने (ताशी ११० सागरी मैल) सत्तर मिनिटे. तेवढ्या पल्ल्यात दिशेत पाच अंशांची चूक राहिली तर विमान सुमारे ११ सागरी मैल, म्हणजे वीस किलोमीटर बाजूला जाते. शिवाय रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे आणि गोव्याचा दाबोळी विमानतळ नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे. त्यामुळे आपण कुठे आहोत याइतकेच कोणाच्या हवाई हद्दीत आहोत हेही कळावे लागते.

चिप आहे की नाही

खरेदीतली सर्वांत मोठी फसगत इथे होते. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस चिप नसते. ती ‘वाय-फाय + सेल्युलर’ मॉडेलमध्येच असते. सिम घालण्याची किंवा डेटा प्लॅन घेण्याची गरज नाही, चिप त्याशिवाय चालते. अँड्रॉइडमध्ये असा सरसकट नियम नाही. काही वाय-फाय टॅब्लेटमध्ये चिप असते, काहींत नसते, म्हणून नेमक्या मॉडेल क्रमांकाची तपशीलवार माहिती वाचावी. दुकानात नकाशा उघडून पाहणे ही परीक्षा नव्हे. चिप नसलेला टॅब्लेटही आसपासच्या वाय-फायवरून जागा ओळखतो आणि निळा ठिपका अगदी बरोबर दाखवतो. उड्डाणानंतर तोच ठिपका धावपट्टीवर थिजून राहतो.

खरी परीक्षा अशी: फ्लाइट मोड चालू करावा, वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद आहेत ना ते पाहावे, नकाशा आधीच उतरवून ठेवावा, आणि गणपतीपुळ्याच्या किनारी रस्त्यासारख्या मोकळ्या जागी दुसऱ्या कोणाला गाडी चालवायला सांगून पंधरा मिनिटे ठिपका पाहावा. ठिपका गाडीबरोबर वळणे घेत असेल तर चिप आहे. पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागला म्हणून घाबरू नये. नेटवर्क असताना फोनला उपग्रहांची माहिती इंटरनेटवरून क्षणात मिळते. नेटवर्क नसले की ती उपग्रहाकडून सेकंदाला अवघ्या ५० बिटच्या वेगाने येते. एका उपग्रहाची कक्षा दर ३० सेकंदांनी प्रसारित होते, सगळ्या उपग्रहांचे पूर्ण वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून इंजिन सुरू करण्याआधीच टॅब्लेट उघड्या आकाशाखाली ठेवून जागा पक्की करून घ्यावी.

टॅब्लेट मांडीवर असेल तर वरचा ॲल्युमिनियमचा पंख आणि छत आकाशाचा मोठा भाग झाकतात, आणि जागा मधूनच हरवते. अशा वेळी ब्लूटूथने जोडणारा वेगळा जीपीएस संच काचेजवळ ठेवणे उत्तम. गार्मिन ग्लोसारखा संच सेकंदाला दहा वेळा जागा देतो, टॅब्लेटची आतली चिप साधारण एकदाच देते. जुना वाय-फाय आयपॅड हाताशी असेल तर नवा टॅब्लेट घेण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो.

उंचीचा आकडा मात्र सांभाळून वाचावा. अँड्रॉइडची मूळ उंची समुद्रसपाटीपासून नव्हे तर पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, आणि कोकणात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. ॲपने दुरुस्ती केली नसेल तर रत्नागिरीत मांडवीच्या जेट्टीवर उभे राहून उंची उणे साठ-सत्तर मीटर दिसू शकते. टॅब्लेट बिघडलेला नसतो. पण उड्डाणात उंची फक्त विमानाच्या अल्टिमीटरवरूनच (उंचीमापकावरूनच) घ्यावी.

आकार, पडदा, ॲप

सेसना १५२ सारख्या अरुंद कॉकपिटमध्ये आठ इंचांचा टॅब्लेट सर्वांत सोयीचा. अकरा इंचांचा योकवर (विमान वळवण्याच्या हँडलवर) लावला तर उपकरणे झाकतो आणि योक पूर्ण मागे ओढताना पोटाला किंवा मांडीला अडतो. बसवल्यावर जमिनीवर उभ्या विमानात योक चारही टोकांना फिरवून पाहावा, पायावर बांधला असेल तरीही. ८.३ इंचांचा आयपॅड मिनी या मापात बसतो. सॅमसंगच्या टॅब ॲक्टिव्ह मालिकेतला आठ इंचांचा टॅब्लेट जाड असला तरी धूळ-पाण्याला दाद देत नाही, आणि त्याची बॅटरी हाताने बदलता येते. दमट किनाऱ्यावर हा गुण मोठा आहे. घामेजलेल्या बोटांनी स्पर्श-पडदा भलताच प्रतिसाद देतो, म्हणून खिशात सुती रुमाल हवाच. पोलराइज्ड गॉगल घालून पडदा उभा आणि आडवा दोन्ही पाहावा, एखाद्या दिशेत तो काळा ठिक्कर दिसतो.

टॅब्लेटच्या आधी ॲप ठरवावे. फोरफ्लाइट फक्त ॲपलवर चालते, गार्मिन पायलट दोन्हीकडे. भारताचे विमानतळ, हवाई हद्दी आणि निषिद्ध क्षेत्रे त्या ॲपमध्ये आहेत का, हे पैसे भरण्याआधी तपासावे. हवाई माहिती दर २८ दिवसांच्या चक्राने बदलते, म्हणून उड्डाणाच्या आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर सगळे उतरवून घ्यावे. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाच्या सड्यावर उभे राहून नेटवर्क शोधत बसण्याची वेळ येऊ नये. न वापरलेली ॲप्स आपोआप काढून टाकणारी सेटिंग बंद ठेवावी, नाहीतर महिनाभर न उघडलेले नकाशाचे ॲप ऐन वेळी गायब असते.

उष्णता आणि वीज

कोकणात टॅब्लेट बंद पडतो तो बहुतेक वेळा उन्हाने. आयपॅडची वापराची ठरलेली मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि मे महिन्यात धावपट्टीलगत उभ्या विमानाच्या काचेमागे याहून कितीतरी जास्त तापते. आधी पडदा आपोआप मंद होतो, मग चार्जिंग थांबते, शेवटी तापमानाची सूचना येऊन नकाशा नाहीसा होतो. पूर्ण प्रकाश, चार्जिंग आणि थेट ऊन ही तिन्ही एकत्र आली की हे हमखास घडते. म्हणून टॅब्लेट विमानात ठेवून चहाला जाऊ नये. रबरी कव्हर काढावे, मागच्या बाजूला विमानाच्या झरोक्याची हवा लागू द्यावी, आणि उड्डाणाआधीच पूर्ण चार्ज करून वाटेत केबल न लावणे बरे. तापलेला टॅब्लेट बर्फाच्या पिशवीवर ठेवू नये, दमट हवेत त्यावर लगेच पाणी साचते.

चार्जर घेताना विमानाचा विद्युतदाब पाहावा. १९७७ पर्यंतची जुनी सेसना १७२ विमाने १४ व्होल्टची आहेत, १९७८ पासूनची २८ व्होल्टची. गाडीचा फक्त १२ व्होल्टचा चार्जर २८ व्होल्टला जळतो. चार्जरवर निदान २८ व्होल्टपर्यंत चालेल असे छापलेले असावे. हलक्या प्रतीचे चार्जर रेडिओत खरखर करतात, म्हणून स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबणारी सोय) उघडून, चार्जर लावून आणि काढून दोन्ही वेळा ऐकावे. विमानाचा सॉकेट टाळायचा असेल तर २०,००० एमएएचची पॉवरबँक, म्हणजे सुमारे ७४ वॅट-तास, दिवसभराला पुरते.

टॅब्लेटच्या आणि कव्हरच्या चुंबकाने होकायंत्राचा काटा हलतो. टॅब्लेट होकायंत्राजवळ हळूहळू नेऊन काटा कुठून ढळू लागतो ते पाहावे आणि स्टँड त्या अंतराच्या बाहेरच लावावा. टॅब्लेट विझलाच तर उरते ते हेच होकायंत्र, घड्याळ आणि मार्ग आखलेला कागदी नकाशा. तेच ॲप उघडलेला फोन दुसऱ्या खिशात असावा. टॅब्लेटच्या आतल्या सेन्सरवरून दाखवलेल्या कृत्रिम क्षितिजावर धुक्यात किंवा ढगात विसंबू नये, विमान वळताना ते खोटे दाखवू शकते.

परतल्यावर खाऱ्या हवेचा थर ओलसर मऊ कापडाने पुसावा आणि चार्जिंगचे तोंड कोरडे करावे. आठवडे वापर नसेल तर बॅटरी निम्म्यावर ठेवून टॅब्लेट थंड जागी ठेवावा. दर महिन्याला कव्हर काढून तो सपाट टेबलावर पाठीवर ठेवून बोटाने दाबावा. डुलला किंवा पडद्याची कडा वर आलेली दिसली तर बॅटरी फुगली आहे. असा टॅब्लेट पुन्हा विमानात नेऊ नये.