शाळेतली परेड कुठून आली?

वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी जून-जुलैत, शाळा सुरू झाल्या की आठवीच्या वर्गांत एक लगबग दिसते. एनसीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेच्या, ठरावीक जागा असतात, उंची मोजली जाते, मैदानावर पळवलं जातं, आणि पालक शिक्षकाला गाठून हमखास एकच प्रश्न विचारतात, "सर, याचे भरतीत मार्क किती वाढतात?" प्रश्न चुकीचा नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत एनसीसीच्या 'ए' प्रमाणपत्राला दोन, 'बी'ला तीन आणि 'सी'ला पाच टक्के वाढीव गुण मिळतात, आणि अग्निवीर भरतीतही या कागदाला वजन आहे. ज्या घरी तीन एकर कोरडवाहू आणि बँकेचं कर्ज आहे, तिथे हा हिशोब कोणीही करेल.

पण ही परेड शाळेत आली ती भरतीच्या गुणांसाठी नव्हे. शिस्त, आत्मविश्वास, नेतृत्व ही तिच्याबद्दल आज छापली जाणारी यादीसुद्धा टप्प्याटप्प्याने चिकटत गेली. मूळ कारण अगदी रोखठोक होतं: इंग्रजांना माणसं कमी पडत होती.

पहिलं महायुद्ध चालू असताना १९१७ मध्ये विद्यापीठांतल्या तरुणांची 'युनिव्हर्सिटी कोअर' उभी राहिली. १९२० च्या कायद्याने तिचं 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर' झालं आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ला, नावात 'ऑफिसर्स' हा शब्द वाढला. या सगळ्यात विदर्भातल्या खेड्याचा काही संबंध नव्हता. १९१७ साली इथे स्वतःचं विद्यापीठच नव्हतं, नागपूर विद्यापीठ आलं १९२३ मध्ये. कॉलेजात जायची ती वकील, मालगुजार आणि सरकारी नोकरांची मुलं. शेतकऱ्याचं पोरगं चौथी झालं तरी 'शिकला' म्हणायचे.

कवायत मात्र विदर्भाला नवी नव्हती. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. मल्लखांब, लाठी, लेझीम असे देशी खेळ तिथे पद्धतशीर शिकवले जाऊ लागले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने जर्मनीत प्रात्यक्षिकं करून दाखवली. पुढच्याच वर्षी हिंदू महासभेचे नागपूरचे नेते डॉ. बा. शि. मुंजे यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं. आणि त्याच १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून निघालेल्या नई तालीमने, म्हणजे हातकामातून शिकवण्याच्या योजनेने, पोराच्या हाती बंदूक नको, तकली आणि कुदळ द्या असं म्हटलं. मुंजे आणि गांधी यांचं राजकारणात कधी जमलं नाही, पण नुसत्या पाठांतराच्या शाळेवर दोघांचाही विश्वास नव्हता. विदर्भातल्या शाळांमध्ये आजही एका कोपऱ्यात श्रमदानाची फावडी आणि दुसऱ्यात परेडचे झेंडे ठेवलेले दिसतात. या दोन वाटा इथे शेजारी शेजारी नांदल्या.

या दोन्हींआधी एक तिसरी गोष्ट घडायला हवी होती. खेड्यात हायस्कूलच नसेल तर परेड करणार कोण? ते काम डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत स्थापलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने आणि तिच्या मागोमाग निघालेल्या लहानमोठ्या संस्थांनी केलं. एनसीसीच्या इतिहासात याचा उल्लेख कुठे नसतो, पण बहुजनांच्या मुलामुलींपर्यंत गणवेश पोचला तो या शाळांच्या मैदानांवरून.

आता मुख्य धागा. १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कॉलेजांबरोबर शाळांमध्येही छात्रसेना हवी, अशी तिची शिफारस होती. एप्रिल १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ ला एनसीसी अस्तित्वात आली. काश्मिरात तेव्हा लढाई चालू होती. तरीही कायद्याने एक गोष्ट पक्की ठेवली: छात्रसैनिकाला प्रत्यक्ष लष्करी सेवेचं बंधन नाही. पुढच्या वर्षी मुलींचा विभाग निघाला. १९४९ साली मुलींना खाकीत मैदानावर उतरवणं ही त्या काळाच्या मानाने मोठीच उडी होती, गावापर्यंत यायला तिला कित्येक वर्षं लागली हा भाग वेगळा. विदर्भ या काळात आधी मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १९५६ ला मुंबई राज्य आणि १९६० ला महाराष्ट्र असा फिरत राहिला.

सगळ्या शाळांना एनसीसी देणं परवडणारं नव्हतं, म्हणून जोडीला इतर योजना आल्या. सहायक छात्रसेना म्हणजे एसीसी ही त्यातली एक. दुसरी, आझाद हिंद सेनेतले सेनानी जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ मध्ये निर्वासितांच्या मुलांपासून सुरू केलेली राष्ट्रीय शिस्त योजना. १९६५ च्या सुमारास या सगळ्यांची मोट बांधून 'नॅशनल फिटनेस कोअर' झाली आणि कालांतराने पीटीच्या तासात विरघळून गेली.

मधल्या काळात आलं १९६२. चीनच्या युद्धाने देश हादरला. तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन सीमेवर जवानांना भजनं ऐकवून आले. १९६३ मध्ये सरकारने कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची केली. शाळांवर ती सक्ती नव्हती. पाच वर्षांत, १९६८ ला, ती उठवावी लागली. बळेच उभं केलेलं पोर रांगेत दिसतं, पण त्याचं मन मैदानाबाहेर असतं. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत छात्रसैनिकांकडे दुसरी संरक्षणफळी म्हणून पाहिलं गेलं, दारूगोळा कारखान्यांना मदत करण्यासाठी त्यांची शिबिरं लागली.

खरं वळण यानंतरचं. १९७१ च्या युद्धानंतर अभ्यासक्रम बदलला. लष्करी भाग कमी झाला आणि नेतृत्वगुण, समाजसेवा, युवकांचा विकास यांना जागा मिळाली. 'एकता आणि अनुशासन' हे ब्रीद तर १९८० मध्ये ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेने जीवनकौशल्यांची दहा कलमी यादी मांडली ती नव्वदच्या दशकात. म्हणजे खेड्यातली पोरं यादी यायच्या आधीच त्यातलं बरंचसं शिकत होती, फक्त त्याला कोणी कौशल्य म्हणत नव्हतं.

ते कसं शिकवलं जातं हे पाहायचं तर नागपूरजवळच्या कामठीला जावं लागेल. १८२१ साली वसलेल्या या छावणीत एनसीसीची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे. देशभरातले शाळा-कॉलेजांतले शिक्षक इथे येऊन परेड शिकतात. परवापर्यंत इतिहास किंवा गणित शिकवणारे सर उन्हात बूट आपटून परत येतात ते 'थर्ड ऑफिसर' हा एनसीसीतला हुद्दा घेऊन. महिला अधिकाऱ्यांची अकादमी ग्वाल्हेरला. विदर्भात नागपूर आणि अमरावती अशी दोन गट मुख्यालयं आहेत, त्यांच्या हाताखाली बटालियन, आणि बटालियनकडून शाळेत येणारा लष्करी हवालदार, ज्याला सगळे 'उस्ताद' म्हणतात.

उस्ताद पंजाबचा असेल नाहीतर बिहारचा. त्याला वऱ्हाडी येत नाही आणि पोरांचं हिंदी म्हणजे "सर, मैं कल नहीं आलो". हुकूम हिंदीतून: सावधान, विश्राम, दाहिने मुड, तेज चल, थम. सुरुवातीला निम्मी पलटण डावीकडे वळते. काळ्या मातीच्या मैदानावर पाऊस पडून गेलेला असेल तर प्रत्येक पावलागणिक बुटाला अर्धा किलो चिखल. पुढे त्यातलाच एखादा कॉर्पोरल होऊन पलटणीसमोर उभा राहतो आणि त्याला हुकूम द्यावा लागतो. योग्य पाय जमिनीवर असताना 'थम' म्हटलं नाही तर सगळी रांग गडबडते आणि चूक कोणाची ते सगळ्यांना दिसतं. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलाला आवाज काढायला लावणारी दुसरी जागा खेड्यातल्या शाळेत फारशी नाही.

नकाशावाचनाचा तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. आपल्या गावचा नाला, पांदण, मारुतीचं देऊळ कागदावर सापडलं की पोरं नकाशावर तुटून पडतात. हीच नजर पुढे सातबाऱ्याच्या आणि मोजणीच्या नकाशावर कामी येते. प्रथमोपचाराचंही तसंच. कपाशीत आणि धानाच्या बांधीत साप चावणं ही इथली नेहमीची गोष्ट. चावलेल्या जागी ब्लेड मारायचं नाही, दोरीने करकचून आवळायचं नाही, हातपाय हलू न देता माणसाला सरळ दवाखान्यात न्यायचं, हे नववीतली पोरगी घरच्या मोठ्यांना ठणकावून सांगते तेव्हा मांत्रिकाकडे जाणारी बैलगाडी वळू शकते.

आणि शिबिर. दहा दिवस घराबाहेर, दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलांसोबत एका तंबूत. ताट-मग स्वतः घासायचं, कपडे स्वतः धुवायचे, रात्री पहाऱ्याला उभं राहून अंधारात "थम, कौन आता है" असं ओरडायचं. जेवणाच्या रांगेत आडनाव विचारत नाहीत. गावात ज्याच्या घरचं पाणी चालत नाही त्याच्या शेजारी बसून जेवणं तिथे आपोआप होतं. परत गेल्यावर ते किती टिकतं हा वेगळा प्रश्न. मुलींच्या बाबतीत शिबिराला पाठवायची परवानगी हीच पहिली लढाई असते. ती एकदा जिंकली की पुढे कॉलेजसाठी अमरावती-नागपूरला राहण्याची गोष्ट घरात निदान काढता तरी येते.

उणीवही सांगितली पाहिजे. परेड हुकूम पाळायला शिकवते, प्रश्न विचारायला नाही. आरोग्य संघटनेच्या त्या यादीत चिकित्सक विचार आहे, मैदानावर त्याला वाव कमी. चांगला शिक्षक ती उणीव वर्गात भरून काढतो, नसेल तर राहून जाते.

नव्वदच्या दशकात राज्याने जिल्ह्यागणिक सैनिकी शाळेचं धोरण आणलं, २०१९ मध्ये चंद्रपूरला सैनिक स्कूल उघडलं. पण त्या निवासी, प्रवेश परीक्षेच्या शाळा. गावात राहून, घरून डबा घेऊन येणाऱ्या पोरासाठी एनसीसीच उरते. २०२२ च्या अग्निपथ योजनेनंतर भरतीचा हिशोब आणखी पुढे आला आणि तालुक्यातालुक्यात उघडलेल्या करिअर अकादम्यांनी तो पोरांच्या डोक्यात पक्का केला. परिणाम असा की काही मुलं शिबिर आणि परीक्षा उरकण्यापुरतीच येतात.

२०२४ मध्ये केंद्राने आणखी तीन लाख छात्रसैनिकांना मंजुरी दिली. १९४८ ला वीस हजारांवर सुरू झालेली संख्या त्यामुळे वीस लाखांवर जाईल, आणि प्रशिक्षक म्हणून माजी सैनिकांना घेण्याचीही तरतूद आहे. निवृत्त फौजी विदर्भातल्या अनेक गावांत आहेत. अडचण दुसरीकडे येईल. शाळेतला एक तरी शिक्षक कामठीला जाऊन यावा लागतो, आणि ज्या हायस्कुलात निवृत्त झालेल्यांच्या जागाच भरल्या गेलेल्या नाहीत, तिथले मुख्याध्यापक उरलेल्या दोघातिघांतून कोणाला सोडणार?