फर्लर की रीफर? जिब अर्धं गुंडाळण्याआधी ओळखा

छोट्या शिडाच्या होडीवर, अगदी नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, दोर गुंडाळलेला एक ड्रम असतो. बसल्या जागेवरून दोर ओढला की ड्रम फिरतो आणि पुढचं शीड, म्हणजे जिब, स्वतःभोवती गुंडाळलं जातं. असा ड्रम दिसला की सगळे त्याला सरसकट ‘फर्लर’ म्हणतात. खरं तर त्या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू खपतात, आणि वारा वाढला की हा फरक फार महागात पडतो.

पहिला साधा फर्लर. यात जिबच्या पुढच्या काठातच तार शिवलेली असते. तिच्या खाली ड्रम, वर स्विव्हल, म्हणजे मोकळी फिरणारी कडी. डोलकाठीला पुढून धरणारी तार, म्हणजे फोरस्टे, वेगळी असते आणि ती फिरत नाही. इंग्लंडमध्ये १९०७ साली पेटंट घेतलेला वायकम-मार्टिन फर्लर याच जातीचा. हे शीड एक तर पूर्ण उघडायचं, नाही तर पूर्ण मिटायचं.

दुसरा रीफर. यात फोरस्टेवरच ॲल्युमिनियमचं फॉइल, म्हणजे खाच असलेली लांब कडक नळी, चढवलेलं असतं आणि त्याच्या खाचेतून शिडाचा काठ वर सरकवतात. फॉइलला सहसा पीळ बसत नाही, त्यामुळे ड्रमचा प्रत्येक फेरा वरच्या टोकापर्यंत पोचतो. म्हणून वारा वाढला तर जिब थोडं गुंडाळून लहान करता येतं, साधारण ३० टक्क्यांपर्यंत. त्यापुढे त्याचा आकार बिघडतो.

मुंबई बंदरात एका दुपारी खारे वारे चढले, तेव्हा मी तारेच्या फर्लरवरचं जिब अर्धं गुंडाळलं. खाली चार घट्ट वेढे बसले, वर जेमतेम दीड. मधल्या मधे तार पिळली गेली होती. वरचा भाग पिशवीसारखा फुगला, डोलकाठी हादरू लागली आणि होडी वाऱ्याकडे चढेना. शेवटी ते पूर्ण मिटून नुसत्या मोठ्या शिडावर परत आलो.

जोडणीतही हा फरक पाळावा लागतो. तारेच्या फर्लरवर हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायचा दोर, चांगला कचकचून ताणा. तार ढिली राहिली तर पीळ वाढतो. मात्र तेवढ्याने फोरस्टे सैल पडली तर तीच शिडात गुंडाळली जाते, तेही बघा. रीफरवर भार फोरस्टे घेते, तेव्हा काठावरच्या आडव्या सुरकुत्या जाण्याइतकाच ताण पुरे. तिथे जपायचं ते वेगळंच: हॅलयार्ड फॉइलला समांतर न राहता मागच्या बाजूला साधारण ८ ते १० अंशांच्या कोनात जायला हवा. नाहीतर तो फॉइलभोवती वेढे घेतो आणि ड्रम अडकतो. अडकला तर विंच, म्हणजे दोर ओढायची चरखी, लावून अजिबात ओढू नका, फोरस्टेचे पीळ उलगडतील. आधी वर बघा.

शीड थोडं गुंडाळल्यावर त्याचा मागचा कोपरा पुढे आणि वर सरकतो, म्हणून शीटची, म्हणजे तो कोपरा ओढून धरणाऱ्या दोराची, पुलीही पुढे घ्या. तारेच्या फर्लरवर हा प्रश्नच येत नाही.

ड्रमवर दोर कुठल्या बाजूने भरायचा, हे दोन्हींत ऊन अडवणारी पट्टी ठरवते: मिटल्यावर ती बाहेर दिसली पाहिजे. दोर ड्रमच्या मधोमध, काटकोनात शिरू द्या. शिवाय शीड पूर्ण मिटल्यावरही ड्रमवर दोराचे चार-पाच फेरे उरले पाहिजेत. जोराच्या वाऱ्यात वेढे घट्ट बसतात आणि दोर नेहमीपेक्षा जास्त लागतो. ऐन वेळी तो संपला तर वाऱ्यावर फडफडणारा तुकडा तसाच बाहेर राहतो.