फाटकावर डोळे का फसतात?

२४ जुलै २०१४ची सकाळ. तेलंगणातल्या मेदक जिल्ह्यात मासाईपेट गावाजवळ, गेटमन नसलेल्या क्रॉसिंगवर शाळेची बस रुळांवर आली आणि आपल्या नांदेडहून सिकंदराबादला निघालेल्या पॅसेंजरने तिला उडवलं. किमान १६ जण गेले, बहुतेक शाळकरी मुलं. बसचा ड्रायव्हरही गेला. अशा बातमीनंतर लोक एकच विचारतात, एवढी मोठी गाडी दिसली कशी नाही? मला वाटतं, प्रश्न दिसण्याचा कमी आणि अंदाजाचा जास्त आहे.

रुळांजवळ उभं राहिलं की गाडी जवळपास सरळ आपल्याच दिशेने येत असते. ती डावीउजवीकडे सरकत नाही, त्यामुळे वेग कळायला एकच खूण उरते, तिचं तोंड किती भराभर मोठं होतंय ही. गाडी ताशी ८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटरने येतेय असं धरा. एक किलोमीटरवरून अर्ध्यावर येताना तिचं चित्र दुप्पट होतं, पण त्यात २२-२३ सेकंद जातात. पाहणाऱ्याला ती जागच्या जागी उभी वाटते. शंभर मीटरवरून पन्नासवर येताना तेच दुप्पट होणं सव्वादोन सेकंदांत उरकतं. वस्तू अंगावर येतेय हे जाणवायला चित्र फुगण्याचा वेग एक मर्यादा ओलांडावा लागतो. ती सेकंदाला सुमारे ०.००३ रेडियन (रेडियन हे कोन मोजायचं एकक) धरतात. तीन मीटर रुंदीच्या इंजिनासाठी हिशेब केला, तर गाडी जेमतेम दीडशे मीटरवर आली की ही मर्यादा गाठली जाते. हातात उरतात सात सेकंद.

आता थांबलेली, मुलांनी भरलेली, दहा मीटर लांबीची बस घ्या. ती हलल्यापासून तिचं शेपूट रुळांपलीकडे जाईपर्यंत वीसेक मीटर कापायचे असतात आणि पहिल्या गिअरमध्ये त्यालाही सातेक सेकंद लागतात. हे दोन आकडे शेजारी मांडले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

त्यात आणखी एक भ्रम. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्शेल लायबोविट्झ यांनी १९८५ साली मांडलं, की मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा सावकाश चालल्यासारखी भासते. उतरणारं जंबो विमान म्हणूनच तरंगत आल्यासारखं दिसतं. पुढे न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात पडद्यावर केलेल्या प्रयोगांतही लोकांना मोटारीपेक्षा रेल्वेगाडी हळू येतेय असंच वाटलं.

लोको पायलटच्या हातातही फारसं काही नसतं. पोलादी चाक पोलादी रुळावर अगदी कमी घर्षणाने धावतं. एवढा भार थोड्या इंधनात ओढला जातो तो त्यामुळेच, आणि इमर्जन्सी ब्रेक लावूनही थांबायला काही शेकडो मीटर लागतात तेही त्यामुळेच. रुळांकडेच्या पिवळ्या ‘सी/फा’ पाटीपासून, म्हणजे ‘सीटी, फाटक’, तो भोंगा देतो. पण बंद काचा, डिझेल इंजिनाची घरघर आणि मुलांचा गलका यांतून तो आत किती पोचणार?

मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ मला म्हणूनच फार शहाणपणाचं वाटतं. गेटमन नसलेल्या फाटकावर क्लीनरने उतरून रुळांपर्यंत चालत जायचं, कुठल्याच बाजूने गाडी येत नाही हे पाहायचं आणि मगच वाहन पुढे काढायचं. क्लीनर नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरायचं. गाडी किती लांब आहे, निघेल का आपली बस, हा अंदाज कायद्याने कुणावर सोडलेलाच नाही.

२६ एप्रिल २०१८ला उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ अशाच फाटकावर १३ मुलं गेली. ३१ जानेवारी २०१९पर्यंत ब्रॉडगेजवरची गेटमन नसलेली सगळी फाटकं संपवण्यात आली.

गेटमन असलेल्या फाटकांतही फरक आहे. इंटरलॉकिंग असेल तर फाटक बंद होऊन लॉक झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. नसेल तर सगळं स्टेशन मास्तर आणि गेटमन यांच्यातल्या फोनवर आणि निरोप पक्का झाल्याची खूण म्हणून एकमेकांना दिलेल्या गुप्त आकड्यावर, म्हणजे प्रायव्हेट नंबरवर चालतं. ८ जुलै २०२५ला तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमला रेल्वेने शाळेच्या व्हॅनला धडक दिली आणि तीन मुलं गेली. तिथे गेटमन होता, इंटरलॉकिंग नव्हतं.