शिल्ड कुणाची, कप कुणाचा? आयएसएलच्या एकाच हंगामातले दोन विजेते

शनिवार, ४ मे २०२४. कोल्हापुरात लोकसभेच्या मतदानाला तीन दिवस उरले होते. प्रचाराच्या रिक्षा भोंगे लावून पेठेत फिरत होत्या, आणि आम्ही दहा-बारा जण तालमीच्या माडीवर टीव्हीपुढं बसलो होतो. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर इंडियन सुपर लीगची, म्हणजे आयएसएल या देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगची, फायनल सुरू होती. ४४व्या मिनिटाला जेसन कमिंग्सनं कोलकात्याच्या मोहन बागानला आघाडी दिली तेव्हा माडीवर निम्मी मंडळी उठून नाचली. मग ५३व्या मिनिटाला परेरा दियाझनं बरोबरी साधली, ८१व्या मिनिटाला बिपिन सिंगनं मुंबई सिटीला पुढं नेलं आणि इंज्युरी टाइमच्या सातव्या मिनिटाला वोइतुशनं तिसरा घातला. ३-१. कप मुंबईचा.

मामा उठले, चपला शोधत म्हणाले, "चला, मुंबई चॅम्पियन."

मी म्हटलं, "मामा, मुंबईनं कप मारला. लीग बागाननं जिंकलीय."

मामांनी एक चपल हातात धरूनच माझ्याकडं बघितलं. "अरं मर्दा, आत्ता समोर हरली न्हवं का ती? का मलाच दिसंना झालंय?"

मामा चाळीस वर्षं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसताहेत. त्यांना फुटबॉल शिकवायला मी कोण? पण हा घोळ एकट्या मामांचा नाही. पेपरात "आयएसएल विजेते" असं मथळ्यात येतं तेव्हा नेमकं काय जिंकलं ते बातमी पुरती वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून हा खटाटोप.

२०२४-२५ पर्यंत एका हंगामात आयएसएल दोन बक्षिसं द्यायची. पहिलं म्हणजे लीग विनर्स शिल्ड. २०२३-२४ च्या हंगामात बारा संघ होते. प्रत्येकानं बाकीच्या अकरांशी दोनदा खेळायचं, एकदा घरी आणि एकदा त्यांच्या दारात. म्हणजे प्रत्येकी २२ सामने, एकूण १३२. जिंकला की तीन गुण, बरोबरीला एक, हरला की भोपळा. शेवटी गुणतक्त्यात जो वर, शिल्ड त्याची. इथं फायनल नावाचा प्रकारच नाही. सप्टेंबरात एखाद्या तळाच्या संघाशी बरोबरी करून घालवलेले दोन गुण एप्रिलमध्ये नडतात, आणि नडले की कुणाकडं तक्रार करायची सोय नसते.

आता गंमत बघा. त्या हंगामात योगायोगानं शिल्डलाही फायनल मिळाली. १५ एप्रिल, सोमवार. साखळीतला मुंबई आणि बागान दोघांचाही शेवटचा सामना, आणि तोही एकमेकांशीच, सॉल्ट लेकवर. मुंबईचे ४७ गुण, बागानचे ४५. मुंबईला नुसती बरोबरी पुरत होती. बागानला जिंकायलाच हवं होतं. लिस्टन कोलासोनं २८व्या मिनिटाला पहिला गोल केला, कमिंग्सनं ८०व्या मिनिटाला दुसरा. ८९व्या मिनिटाला मुंबईच्या छांगतेनं एक परत केला आणि पुढची काही मिनिटं बागानवाल्यांचा जीव टांगणीला लागला. संपलं २-१. बागान ४८, मुंबई ४७. बावीस सामन्यांच्या हंगामात फरक एका गुणाचा.

म्हणजे त्याच दोन संघांनी, त्याच मैदानावर, तीन आठवड्यांच्या आत दोन सामने खेळले. पहिल्यात बागाननं शिल्ड घेतली, दुसऱ्यात मुंबईनं कप. मामांनी फक्त दुसरा बघितला होता.

दुसरं बक्षीस तो कप. २०२३-२४ च्या नियमानं साखळी संपली की वरचे सहा संघ पुढं जातात आणि इथून हिशेब नव्यानं सुरू होतो. आधीचे गुण कुणी विचारत नाही. तक्त्यात पहिला आणि दुसरा असेल त्याला एवढाच मान, की तो थेट उपांत्य फेरीत जातो. तिसरा ते सहावा या चौघांनी आधी एकेक बाद सामना खेळून वाट काढायची. उपांत्य फेरी दोन सामन्यांची, दोन्हींचे गोल मिळवून निकाल. फायनल मात्र एकच. त्या रात्री पाय घसरला की सात-आठ महिन्यांची मेहनत तुमच्यापाशी, कप दुसऱ्यापाशी.

बाद फेरीत काय काय होतं त्याचा नमुना त्याच हंगामात बघायला मिळाला. उपांत्य फेरीचा पहिला सामना, गोव्यातल्या फातोर्डा मैदानावर, एफसी गोवा विरुद्ध मुंबई. ९०व्या मिनिटापर्यंत गोवा २-० नं पुढं. गोव्याचे लोक गाडीच्या किल्ल्या काढून बसले असतील. ९०व्या मिनिटाला छांगते, पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप, आणि सहाव्या जादा मिनिटाला परत छांगते. ३-२ मुंबई. साखळीत असा सामना हरला तर तीन गुण जातात, पुढच्या आठवड्यात भरून काढता येतात. इथं गोव्याचा हंगामच तिथं मोडला. दुसऱ्या सामन्यात मुंबईनं २-० नं उरलासुरला विषय संपवला.

हा घोळ मामांच्या डोक्यात का बसलाय त्याची दोन-तीन कारणं मला दिसतात, आणि सगळी आपल्याच गावातली आहेत.

एक तर शब्द. आपल्याकडं शिल्ड म्हटलं की डोळ्यांपुढं काय येतं? शाळेच्या स्नेहसंमेलनातली लाकडी पाटी, मध्ये पितळी फुगीर ढाल आणि भोवती बोटाएवढ्या पत्र्याच्या पट्ट्या, दर वर्षी एकीवर विजेत्याचं नाव कोरायचं. कुठल्याही तालमीत जाऊन बघा. कप काचेच्या कपाटात वरच्या फळीवर, पुसून चकाचक. शिल्ड भिंतीला खिळ्यावर, तीसुद्धा कॅलेंडरच्या आड. कप पहिल्याचा आणि शिल्ड दुसऱ्याची, असा आपला अर्थ लहानपणीच पक्का झालेला असतो. आयएसएलनं शिल्ड हे नाव ठेवलं तेव्हा त्यांनी कोल्हापूरकरांना विचारलं नव्हतं.

दुसरं म्हणजे आयपीएल. तिथं साखळीत पहिला आला त्याला फायनलला जायच्या दोन संधी मिळतात, बाकी हातात काही पडत नाही. गुणतक्ता म्हणजे बाद फेरीचं तिकीट, एवढंच आपल्याला दर उन्हाळ्यात शिकवलं जातं. आयएसएलसुद्धा सुरुवातीला तशीच होती. २०१४ ते २०१८-१९ या पाच हंगामांत तक्त्यात पहिला येणाऱ्याला वेगळी ट्रॉफी नव्हती. शिल्ड सुरू झाली २०१९-२० मध्ये, आणि पहिली एफसी गोवानं घेतली. उलट, रात्री जागून इंग्लंडची प्रीमियर लीग बघणाऱ्या पोरांना हा प्रश्नच पडत नाही. तिथं तक्त्यात वर तोच चॅम्पियन, फायनल नाहीच. त्यांचा घोळ वेगळा. त्यांना आयएसएलची फायनल कशाला ठेवलीय तेच कळत नाही.

तिसरं, आणि माझ्या मते खरं कारण, म्हणजे आपला स्वतःचा फुटबॉल. कोल्हापूरचा हंगाम कुणालाही विचारा. केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, खेळाडूंची नोंदणी झाली की केएसए लीग, आणि लीगच्या मागंपुढं चषकांची रांग. कुणाच्या नावाचा चषक, किती लाखांचं बक्षीस, तालमींच्या संघांपैकी फायनलला पाटाकडील-दिलबहार आले का शिवाजी-खंडोबा, याचीच गावभर चर्चा. लीग गुणांवर चालते. खेळ तिथंही चुरशीचा होतो, पण लीग जिंकल्याची मिरवणूक आणि चषकाच्या फायनलची मिरवणूक यांतला फरक मी सांगायला नको. आपण चषकाच्या गावात वाढलो. टायब्रेकरला पायऱ्यांवर कुणाचे नवस बोलले जातात ते मामांना पाठ आहे. मग तक्ता त्यांच्या डोळ्यांत भरत नाही, यात नवल ते काय?

शिल्डनं आणि कपानं नेमकं काय मोजलं जातं त्याचा उत्तम दाखला २०२२-२३ चा. मुंबईनं साखळीत ४६ गुण केले. तेव्हाचं एटीके मोहन बागान ३४ गुणांवर तिसरं होतं. बारा गुणांचा फरक, म्हणजे चार विजयांचा. शिल्ड मुंबईला मिळाली. उपांत्य फेरीत मुंबई आणि बेंगळुरूचे दोन सामन्यांत मिळून गोल २-२ झाले, पेनल्टींवर गेलं आणि बेंगळुरू ९-८ नं सुटलं. फायनलला बागाननं बेंगळुरूला परत पेनल्टींवरच हरवलं. कप बागानचा. बारा गुणांनी मागं असलेला संघ "चॅम्पियन" म्हणून नाचला. यात कुणाचं काही चुकलं नाही. प्रश्नच दोन वेगळे होते.

तक्त्यात पहिला तोच कप जिंकतो असं मानून पैज लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: २०१४ पासून २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत तसं फक्त तीनदा झालं. २०१८-१९ मध्ये बेंगळुरू, २०२०-२१ मध्ये मुंबई आणि २०२४-२५ मध्ये बागान. २०१६ मध्ये तर तक्त्यात चौथ्या नंबरावर असलेल्या कोलकात्याच्या संघानं कप नेला.

आणि आपल्या गावाशी जोडलेला हंगाम म्हणजे २०२१-२२. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, मग इंडियन ॲरोज, मग जमशेदपूर. २०२१ मध्ये तो हैदराबादला गेला. आणि नेमकी त्याच हंगामात जमशेदपूरनं ४३ गुण करून शिल्ड जिंकली! सोडून आलेल्या घरी लग्न निघावं तसं झालं. पण हैदराबादनं फातोर्ड्यात केरला ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून कप उचलला. गोलकीपर कट्टीमणीनं तीन पेनल्टी अडवल्या. त्या वर्षी आमच्याकडं जो तो विचारायचा, "मग आपला पोरगा जिंकला का न्हाई?" जिंकला. कप जिंकला. शिल्ड त्याच्या जुन्या संघाकडं गेली.

पैशाचं म्हणाल तर कपवाल्याला जास्त. २०२४-२५ मध्ये शिल्डला साडेतीन कोटी, कपाला सहा कोटी. आशियाचं दार मात्र शिल्डनं उघडलं. २०१९-२० ची शिल्ड जिंकल्यामुळं एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट गेलेला पहिला भारतीय क्लब ठरला. २०२३-२४ च्या शिल्डवर बागान पुढच्या हंगामात आशियातल्याच दुसऱ्या पातळीच्या चॅम्पियन्स लीग टूला पात्र ठरलं. बक्षीस कपाला मोठं आणि मान शिल्डला मोठा, ही आपल्या देशाची खास तऱ्हा.

जाता जाता: सुपर कप आणि ड्युरँड या दोन्हींचा या भांडणाशी संबंध नाही. त्या वेगळ्याच स्पर्धा. २०२४ च्या जानेवारीत सुपर कप ईस्ट बंगालनं जिंकला, पण त्यानं ते आयएसएलचे विजेते काही झाले नाहीत. आय-लीग ही तेव्हाची आयएसएलच्या खालची पायरी. तिथला विजेता वर यायचा, तसा पंजाब २०२३ मध्ये आला.

मला स्वतःला विचाराल तर मी शिल्डच्या बाजूचा. पावसात, उन्हात, दूरच्या गावी, जखमी खेळाडू बाकावर बसवून बावीस सामने खेळून जो वर राहिला, त्याला मी चॅम्पियन म्हणतो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर १५ एप्रिलचा सामना आमच्या माडीवर तिघांनीच बघितला आणि ४ मेच्या फायनलला बसायला जागा नव्हती.

मामांशी हे भांडण वर्षभर चाललं. मी कागदावर तक्ता काढून दाखवला, त्यांनी त्याच कागदावर भेळ खाल्ली. पुढच्या हंगामात बागाननं २४ सामन्यांत ५६ गुण केले, फेब्रुवारीतच ओडिशाला १-० नं हरवून शिल्ड पक्की केली आणि लागोपाठ दुसऱ्यांदा ती घेणारा पहिला संघ ठरला. मी मामांना फोन केला, "बघा, ह्याला म्हणतात चॅम्पियन." ते म्हणाले, "फायनल होऊ दे." १२ एप्रिल २०२५ ला फायनल झाली. बेंगळुरू आधी पुढं होतं, कमिंग्सनं पेनल्टीवर बरोबरी केली आणि जादा वेळेत मॅकलॅरननं गोल मारून बागानला २-१ नं जिंकून दिलं. शिल्डही त्यांची, कपही त्यांचा.

शिट्टी वाजली तसा मामांचाच फोन आला. "आत्ता झाली बघ बागान चॅम्पियन," म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत ठेवून दिला.