जुना ज्युनो-१०६ माळ्यावरून काढलात? आधी हे वाचा

रोलंडचा ज्युनो-१०६ हा सिंथेसायझर १९८४ साली बाजारात आला. एका वेळी सहा सूर, १२८ साउंड साठवायची सोय आणि त्या काळात नवीकोरी असलेली मिडी, म्हणजे वाद्यं एकमेकांना जोडायची सोय. तरी लोक आजही त्याच्यासाठी जीव टाकतात ते कोरसच्या, म्हणजे आवाज जाड आणि पसरट करणाऱ्या इफेक्टच्या बटणांमुळे. प्रत्येक सुराला ऑसिलेटर (मूळ आवाज तयार करणारं सर्किट) एकच, त्यामुळे कोरस बंद असला की आवाज बारीक वाटतो. पहिलं बटण दाबा, तोच आवाज दोन्ही स्पीकरमध्ये पसरून भरदार होतो. हाऊस आणि टेक्नोवाल्यांनी तो उचलून धरला. सगळे स्लायडर समोर, मेनू नाहीच. सिंथेसायझर शिकायला यापेक्षा चांगलं वाद्य आम्हा दुरुस्तीवाल्यांना माहीत नाही.

प्लग लावण्याआधी मागचं लेबल बघा. जपानहून आलेला नग १०० व्होल्टचा असतो. तो थेट आपल्या २३० व्होल्टवर लावला, तर पॉवर सप्लाय गेलाच म्हणून समजा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि दुकानात १०० व्होल्टचाच मागा, ११०चा नको.

सुरू झाला, की 'पॉली १' या मोडवर ठेवून एकच पट्टी सावकाश दाबत राहा. दर वेळी पुढचा व्हॉइस, म्हणजे सूर वाजवणाऱ्या सहा सर्किटांपैकी पुढचं, वाजतो. दर सहाव्या दाबाला आवाज गायब झाला, खरखरला किंवा पट्टी सोडल्यावरही रेंगाळला, तर एक व्हॉइस बिघडलाय. दोष बहुधा ८००१७ए या चिपमध्ये सापडतो. अशा सहा चिप असतात. प्रत्येकीत एका व्हॉइसचा फिल्टर आणि आवाजाची पातळी सांभाळणारं सर्किट. त्यांच्यावरचा काळा लेप जुना झाला की त्यातून वीज झिरपायला लागते. आम्ही चिप काढून अ‍ॅसिटोनमध्ये ठेवतो आणि लेप उतरवतो. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं, नाहीतर नव्या बनावटीची पर्यायी चिप बसवतो. चांगल्या चालणाऱ्या चिप उगाच बदलायला आम्ही सांगणार नाही. अ‍ॅसिटोनचा प्रयोग घरी मात्र करू नका. प्लास्टिकवर एक थेंब पडला तरी डाग कायमचा.

आतला ३ व्होल्टचा सेल बोर्डाला सोल्डर केलेला असतो. तो काढला की साठवलेले साउंड पुसले जातात. वडिलांनी किंवा काकांनी ऑर्केस्ट्रासाठी स्वतः बनवलेले साउंड त्यात असू शकतात, आणि ते कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. म्हणून आम्ही आधी कॅसेटच्या जॅकमधून सगळे साउंड रेकॉर्ड करून घेतो, मगच सेलला हात लावतो. नव्या सेलसाठी होल्डरही बसवतो, म्हणजे पुढच्या खेपेला सोल्डरिंग नको. साउंडची फाइल वाद्यासोबत तुम्हाला मिळते.