स्थानिक संगणकावरील संथ डेटाबेस

डेटाबेस सर्व्हर आणि तो वापरणारा प्रोग्राम एकाच संगणकावर असूनही माहिती मिळायला वा साठवायला अवाजवी वेळ लागणे. कांद्याची हिशेबपट्टी, द्राक्षांच्या पॅकहाउसची आवक-जावक, सातपूर-अंबडमधील वर्कशॉपचा स्टॉक अशा नोंदी जिथे एकाच पीसीवर ठेवल्या जातात, तिथे हा दोष हंगामागणिक वाढत जातो.

सर्वांत मोठे कारण इंडेक्सचा, म्हणजे हवी ती नोंद चटकन शोधून देणाऱ्या सूचीचा, अभाव. लासलगावच्या एखाद्या आडत्याने एका शेतकऱ्याचा उतारा मागितला आणि ज्यात शोधायचे त्या रकान्यावर इंडेक्स नसेल, तर सर्व्हर सगळ्या वर्षांच्या सगळ्या पट्ट्या वाचून काढतो. नोंदी थोड्या असताना हे जाणवत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरमध्ये क्वेरीच्या, म्हणजे माहिती मागणाऱ्या आज्ञेच्या, आधी ‘एक्सप्लेन’ लावल्यावर प्रकाराच्या रकान्यात ‘ऑल’ दिसले, की संपूर्ण टेबल वाचले जात आहे असे समजावे. शेतकरी क्रमांक व तारीख या क्रमाने जोडइंडेक्स केल्यास शोध थेट त्या शेतकऱ्याच्या नोंदींवर जातो. मात्र तारखेवर वर्ष काढणारे फंक्शन लावले, किंवा नावाच्या शोधात सुरुवातीलाच टक्क्याचे चिन्ह (इथे कोणतीही अक्षरे चालतील अशी खूण) दिले, तर त्या रकान्याचा साधा इंडेक्स असून नसल्यासारखा होतो. नवी रॅम विकत घेण्याआधी ही तपासणी व्हायलाच हवी. ग्राहकाचे पैसे इथेच वाचतात.

कोणती क्वेरी अडते हे ‘स्लो क्वेरी लॉग’ सांगतो. तो मुळात बंद असतो आणि त्याची मर्यादा १० सेकंदांची असते; ती १ सेकंदावर आणावी.

मेमरीचेही तसेच. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवण यंत्रणेच्या बफर पूलचे (वाचलेला डेटा रॅममध्ये ठेवण्याच्या जागेचे) मूळ माप १२८ एमबी आहे, त्यामुळे पीसीत ८ जीबी रॅम असली तरी ते आपोआप वाढेलच असे नाही. वाढवताना ब्राउझर व बिलिंग प्रोग्रामला जागा ठेवावी.

टेबल लहान असूनही प्रत्येक पान सारखेच अडखळत असेल, तर जोडणी तपासावी. विंडोजवर ‘लोकलहोस्ट’ हे याच संगणकाचे नाव आधी आयपीव्ही६ (नव्या पद्धतीच्या नेटवर्क) पत्त्याकडे जाऊ शकते. सर्व्हर फक्त आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर ऐकत असल्यास दर जोडणीला वेळ जातो. त्याऐवजी १२७.०.०.१ हा आयपीव्ही४ पत्ता लिहावा. डेटा फोल्डर अँटिव्हायरस सतत तपासत असेल, तरीही वेग घटतो.

नोंदी भरताना संथपणा येत असेल, तर प्रत्येक ओळ स्वतंत्र व्यवहार (ट्रान्झॅक्शन) म्हणून डिस्कवर पक्की केली जाते का ते पाहावे. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे घेणारी) हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरेच घेते आणि प्रत्येक व्यवहार पक्का करताना तिच्या फेऱ्याची वाट पाहावी लागते, म्हणून दिवसाच्या पट्ट्या एकाच व्यवहारात भरणे फार वेगवान ठरते. गरज नसलेले इंडेक्सही काढावेत, कारण दर नवीन नोंदीबरोबर तेही लिहावे लागतात.